ठकीची हाक

फार वर्षांपूर्वी एक दयाळ पक्षीण रोज पहाटे नवं गाणं गायची आणि ऐकणारे तिच्या पिलांसाठी अळ्या आणायचे. पण नकलाकार कोतवाल पक्षी तेच गाणं दुपारी गाऊन अळ्या मिळवू लागला. त्याचा गळाही गोड! ती नुसती जळायची.

एकदा ऐन गाण्यात तिचं पिलू घरट्याच्या काठाशी आलं. "ठके, मागे सर, पडशील!" ती सुरातच ओरडली. गाणं नासलं म्हणून मग हळहळत बसली.

दुपारी कोतवालाने तेही हुबेहूब आळवलं. खार हसली, "भाऊजी, तुमची ठकी कुठाय हो?" गाणं कुणाचं ते सगळ्यांना कळलं आणि अळ्या दयाळणीच्या घरट्यात पोचल्या.

तेव्हापासून ती प्रत्येक गाण्यात एका पिलाला मुद्दाम दटावते. घरटं भरलेलं असतं. फक्त कोतवालाने "मागे सर" म्हटलं की तिचं न ऐकणारी पिलं लगेच सरतात, हे तिला अजून खुपतं.