जोमाचा नकली समुद्र

समुद्रकाठच्या एका गावात जोमा नावाचा एक भोळा भाचा होता. भाचा हिराजी मामाचा. मामाने होडीवर सोनार यंत्र बसवलं. ते पाण्यात आवाज सोडतं, आवाज कशावर तरी आदळून परत येतो, आणि मासे कुठे, खडक कुठे ते पडद्यावर दिसतं. पण मामाला मोतीबिंदू. पडदा त्याला दिसेना. घरात दुसरं कोणी नव्हतं. जोमा शिकला तर होडी चालणार, नाहीतर ती किनाऱ्यावर ओढून कायमची शाकारून ठेवायची, असं ठरलं.

जोमा तालुक्याच्या प्रशिक्षण केंद्रात गेला. तिथल्या संगणकात एक सॉफ्टवेअर होतं आणि त्यात अख्खा नकली समुद्र. आवाज नकली, मासेही नकली. गौतमी मॅडमनी कळ दाबली. पडद्यावर माशांचा घोळका आला. जोमाने पिशवीतून जाळं काढलं आणि संगणकावर फेकलं.

मॅडमनी संगणक जाळ्यातून सोडवला. म्हणाल्या, "अरे जोमा, मासे दिसले की जागचं हलायचं नाही. वहीत लिहायचं."

"बरं मॅडम."

दुसऱ्या दिवशी होडी समुद्रात गेली. पडदा माशांनी भरून गेला. जोमा जागचा हलला नाही. त्याने वहीत लिहिलं, 'मासे पुष्कळ.' मासे होडीखालून निघून गेले. जोमाने तेही लिहिलं, 'गेले.'

मामाने कपाळावर हात मारला. "अरे, पडद्यावर काही दिसलं की ओरडायचं आणि जाळं सोडायचं."

"बरं मामा."

तिसऱ्या दिवशी पडद्यावर मोठा खडक दिसला. जोमा ओरडला आणि त्याने जाळं सोडलं. खडक काही वर आला नाही. जाळं मात्र अर्धंच आलं.

मामा त्या अर्ध्या जाळ्याकडे बघत बसला. त्याला रडू येत होतं, पण पोरगं मनाने चांगलं, बोलणार काय. "खडक दिसला की तोंड फिरवायचं, बाबा," तो म्हणाला. "जा, मॅडमकडून नीट शिकून ये. आता ही शेवटची खेप."

चौथ्या दिवशी मॅडमनी पडद्यावर नकली खडक आणला. जोमाने खुर्चीसकट भिंतीकडे तोंड फिरवलं. मागे पडद्यावरची होडी खडकावर आपटली. आवाज ऐकून जोमा हमसून हमसून रडायला लागला. मामाची होडी गेली, असं त्याला वाटलं.

मॅडमना दया आली. "रडू नको रे. आपटली तर आपटू दे. मुकाट्याने हे कोपऱ्यातलं बटण दाबायचं. होडी परत धक्क्याला लागते."

"असं आधी सांगायचं ना, मॅडम." जोमाला फार बरं वाटलं.

पाचव्या दिवशी समुद्रात पुन्हा खडक दिसला. मामाच्या हातात सुकाणू होतं. त्याने विचारलं, "जोमा, समोर काय?"

"काही काळजी नाही, मामा." जोमा सोनारच्या पडद्याच्या कोपऱ्यातल्या बटणावर बोट ठेवून बसला.

होडी धाडकन खडकावर चढली. फळी मोडली. जोमाने बटण दाबलं. पडदा काळा झाला.

"आलो," जोमा म्हणाला. त्याने चपला घातल्या, डब्याची पिशवी काखेत मारली आणि तो होडीतून उतरला.

गळ्याइतक्या पाण्यात उभं राहून त्याने इकडेतिकडे पाहिलं.

"मामा, जपून उतर," तो म्हणाला. "आज भरती जोरात आहे. धक्का बुडालाय."