चुंबकरावांचा हुकूम आणि भिंगरीची फुगडी

त्या मुलखात थंडी पडली की एकट्याने हिंडणे लाजिरवाणे समजत. रहिवासी सगळे भोवरे. काही उजवीकडे फिरत, काही डावीकडे. उन्हाळ्यात जो तो एकटा धावे, गल्लीतल्या धोंड्यांवर आपटे आणि डोके तापवून घरी येई. कडाका पडला की मात्र उजवा डाव्याचा हात धरी, अन् जोडी तेल घातल्यासारखी बिनधक्का गाव ओलांडे. जोडी उजव्या-डाव्याचीच, हा कुळाचार होता.

भिंगरी उजवी, तिचा नवरा गिरकू डावा. दोघांचे दृष्ट लागण्यासारखे चालले होते. ती लागलीच म्हणायची, कारण वेशीवर चुंबकराव नावाचे नवे अंमलदार ठाण मांडून बसले.

चुंबकरावांना डावे फिरणे म्हणजे शुद्ध उर्मटपणा वाटे. त्यांनी दवंडी पिटवली: यापुढे सगळ्यांनी उजवेच फिरायचे, न ऐकेल त्याची उचलबांगडी. गिरकू मुकाट्याने उजवा झाला, आणि कुळाचाराप्रमाणे भिंगरीचा कोणी उरला नाही. घरोघरी तेच. एकटे पडलेले भोवरे पुन्हा धोंड्यांवर आदळू लागले, गल्ल्या तापू लागल्या. या तापाने थंडी एकदा गेली की हात धरण्याचे नावच नको, हे भिंगरीला कळत होते.

ती गिरकूला आडवी गेली. "अहो, हात द्या."

"अगं, मीही आता उजवा. लोक काय म्हणतील?"

"लोकांचं सोडा. माझ्याशी फुगडी घाला."

जवळ येताच दोन उजवे एकमेकांना ढकलत. मग त्यांनी हात ताणले, मध्ये अंतर राखले आणि एकमेकांभोवती फिरत निघाले. धोंडा आला, गेला. दोघांना खरचटलेही नाही. भिंगरीला रडू फुटले. थोरांनी आधी नाके मुरडली, मग गुपचूप आपापले माणूस शोधायला निघाले.

शिपाई तपासायला आले. सगळे उजवेच होते, हुकमात तसूभर खोट नव्हती. फुगड्याही सगळ्या एकाच अंगाने चालल्या होत्या. गावात शेजारच्या दोन फुगड्यांच्या लगतच्या कडा उलट दिशांना जात, म्हणून त्या एकमेकींचा जोर जिरवत. वेशीला पलीकडे शेजारच नाही, म्हणून तिथे उरलेल्या जोराचा तटाच्या कडेने एक ओघ सुरू झाला. तो एकाच दिशेने वाहे आणि थांबत नसे.

पायाशी वाहणारा तो ओघ पाहून चुंबकराव धास्तावले. हुकूम मागे घेतो म्हणाले, फिरा पूर्वीसारखे.

"राहू द्या, सरकार. आता अंगवळणी पडलंय," भिंगरी अदबीने म्हणाली.

चुंबकराव तणतणत जेवायला निघाले. घर मागे दोन पावलांवर होते, पण पहिलेच पाऊल ओघात पडले. सबंध मुलखाला वळसा घालून ते दाराशी आले, ताटाकडे हात केला आणि गरगरत पुढे गेले. बाईसाहेबांनी आमटी पुन्हा गरम करायला ठेवली.