गुलाबी भिंत आणि रंगाऱ्याची पाठ

एका राज्यात एक राजा आजारी होता. मृगांकसेन त्याचं नाव. वैद्यानं सांगितलं, "महाराज, औषध हरलं. आता रोज सकाळचं कोवळं ऊन अंगावर घ्या, त्यावरच जगाल." महालाच्या उगवतीला एक खोली होती, खोलीला अंगणाकडे एक दार आणि एक खिडकी होती, खिडकीच्या वर एक साळुंकी राहत होती. राजानं खिडकीत बसावं, साळुंकीनं त्याला गावच्या बातम्या सांगाव्यात. असं करता करता राजाच्या गालावर रंग येऊ लागला.

राणी हेमावतीला आनंद झाला. म्हणाली, राजा बरा होतोय, तर महालाला बाहेरून रंग देऊ. रंगारी आला. चित्रांग त्याचं नाव, मायावी माणूस, बोलणं मधासारखं.

राणी म्हणाली, "केवड्यासारखा पिवळा हवा."

"केवडाच देतो, राणीसरकार. आधी भिंत खरवडू, मग धुऊ, मग वाळू देऊ, आणि मग रंगाचे तीन हात मारू."

आता बघा, त्या राज्यात एक रीत होती. रंग झाला की रंगाऱ्यानं घरधन्यासमोर त्या भिंतीला उघडी पाठ टेकायची. पाठ स्वच्छ निघाली तर काम पुरं. पाठीला रंग लागला तर काम पुन्हा. घरधनी "पाठ टेक" म्हणाला आणि रंगारी नाही म्हणाला, तर त्याच्या कुंचल्याचे केस गळून पडायचे आणि पुन्हा उगवायचे नाहीत.

चित्रांगानं काय केलं? खरवडलं नाही. धुतलं नाही. जुने पोपडे लोंबत होते, त्यांच्यावरूनच कुंचला फिरवला. मोगरा तुडवला, तुळशीवर शिंतोडे उडवले. आणि रंग? गुलाबी!

राणी म्हणाली, "अरे, हा कसला केवडा?"

"वाळला की पिवळा दिसेल, सरकार."

बरं, त्याचा रंग मायेचा. ज्यावरून फिरेल त्याची भिंत व्हायची. दारं-खिडक्या सोडून रंगवायचं तर हात सावकाश चालवावा लागतो. एवढा धीर कुणाला? त्यानं सरसकट कुंचला ओढला. राजाची खिडकी भिंत झाली, राजाचं दारही भिंत झालं.

राणी पेज घेऊन आली तर दार नाही. आतून राजाचा आवाज आला, बारीक, "हेमा, आज उजाडलं नाही का गं?"

राणीच्या हातातली वाटी पडली. पहारी आणल्या, घण आणले, भिंतीला ओरखडाही उठला नाही. चित्रांग तर पाठ न टेकताच जेवायला म्हणून गेला होता, तो गेलाच. बांबूंची परांची तशीच उभी, दोऱ्या तशाच लोंबत.

साळुंकी खाली उतरली. शिंतोडे उडून तिचा एक पंख गुलाबी झाला होता.

"राणीबाई, माझ्याकडे बघा! मी काय लग्नाला निघालेय? माझं घरटं पुसलं मेल्यानं. ज्यानं रंग चढवला त्याच्याच हातानं तो उतरेल. चला, मी वाट दाखवते."

राणीनं पदर खोचला. साळुंकी पुढे, राणी मागे.

डोंगरावर एका राक्षसिणीचं घर लागलं. एक बाजू हिरवी, बाकीच्या बाजू तशाच.

राणी म्हणाली, "बाई, चित्रांग इथं आला होता का?"

"आला होता! एक बाजू रंगवली आणि पळाला. निरोप पाठवला की म्हणतो, निघालोच आहे. केव्हाचा निघालाय!"

"मग खाल्लं का नाहीस त्याला?"

"हाती लागला तर खाईन ना!" राक्षसीण म्हणाली, आणि राणीबरोबर निघाली.

पुढे एका गुहेपाशी यक्ष कपाळाला हात लावून बसला होता. त्याला शाप होता, धनाचा खरा वारस दार उघडेपर्यंत राखण करायची. वारस आला होता. पण चित्रांगानं दारावरूनच निळा रंग ओढलेला.

यक्ष म्हणाला, "वारस भिंत चाचपून परत गेला. चित्रांगाला विचारलं तर म्हणतो, दार सांगितलंच नव्हतंत!" तोही रागारागानं निघाला.

नदीच्या वळणावर चित्रांगाचं स्वतःचं घर होतं. राणी दारात आली आणि थबकली. भिंत कशी? नितळ, केवड्याच्या पानासारखी पिवळी. खिडकीच्या कडेला एक थेंब इकडचा तिकडे नाही. वळचणीत चिमण्यांचं घरटं, तेसुद्धा नीट सोडून रंगवलेलं. राणीनं आपली काळी शाल भिंतीला घासली. शाल काळीच राहिली.

चित्रांग बाहेर आला. "राणीसरकार! मी निघालोच होतो..."

"ही भिंत कुणी रंगवली?"

"मीच, सरकार."

राणी म्हणाली, "वाटेनं येताना मी म्हणत होते, बिचाऱ्याला काम येत नसेल. मी तुला क्षमा करायचं ठरवलं होतं. तुला तर सगळं येतं! चिमण्यांसाठी तुझा हात थांबला, माझ्या नवऱ्यासाठी थांबला नाही?"

राक्षसीण जवळ सरकली.

"चल," राणी म्हणाली, "माझ्या भिंतीला पाठ टेक."

कुंचला जाईल या भयानं तो आला. सगळ्या गावासमोर अंगरखा काढून त्यानं भिंतीला पाठ टेकली. निघाली ती गुलाबी! लोक हसले. राणी हसली नाही. तिनं त्याच्या हातात खरवडणी दिली.

"आधी खिडकी."

तो खरवडत राहिला. पोपडे पडत राहिले. राणी भिंतीला कान लावून उभी होती, आतून काही ऐकू येईना. मग चौकटीची कड दिसली, मग गज दिसले, आणि उन्हाची तिरीप आत शिरली. आत राजा डोळे मिटून बसलेला. ऊन त्याच्या गुडघ्यावर आलं, छातीवर आलं, तोंडावर आलं. त्यानं डोळे उघडले, बाहेर बघितलं.

"हेमा, गुलाबी कुणी सांगितला होता गं?"

तेव्हा कुठं राणी रडली.

चित्रांगानं सगळा महाल खरवडला, धुतला, वाळू दिला, तीन हात मारले, परांची स्वतः उतरवली. यक्षाचं दार उघडलं, वारसाला धन मिळालं, यक्ष शापातून सुटला. राक्षसिणीचं घर चारी बाजूंनी हिरवं झालं. साळुंकीनं मात्र पंख धुऊ दिला नाही, दाखवायला ठेवला. आणि चित्रांगाची पाठ? किती घासली तरी गुलाबीच राहिली. पुढे तो काम मागायला गेला की लोक आधी म्हणायचे, वळ बघू.

राजाला ऊन मिळालं, पाखराला घर मिळालं. ऐकणाऱ्यांनो, तुम्ही ज्या भिंतीला टेकाल, तिथून तुमची पाठ स्वच्छ निघो.