सात पाकोळ्यांची वस्ती

फार जुनी गोष्ट. सात म्हाताऱ्या पाकोळ्यांच्या पंखांत समुद्र ओलांडून आपल्या गावी परतायचं बळ उरलं नव्हतं. तेव्हा त्यांनी परमुलखातल्याच एका कड्याखाली मातीची घरटी बांधून एकत्र राहायचं ठरवलं.

“गोलात बांधू या गं,” थोरली म्हणाली. “म्हणजे डोळे उघडले की एकमेकींची तोंडं दिसतील. कुणाला काही झालं तर लगेच कळेल.”

“आणि गावाकडे पाठ करून बसायचं? काहीतरीच तुमचं!” बाकीच्या फणकारल्या.

मग सातही घरट्यांची तोंडं गावाच्या दिशेला झाली, एकामागे एक. थोरलीला मानाने सगळ्यांत पुढचं घरटं दिलं. मागच्या प्रत्येकीला दिसायची ती फक्त पुढच्या घरट्याची मातकट पाठ.

पानगळ लागली. एके दुपारी थोरलीने क्षीण हाक मारली. ती हाक वाऱ्याबरोबर गावाच्या दिशेने निघून गेली. चार दिवसांनी मुंग्यांची रांग दिसली, तेव्हा मागच्यांना कळलं.

सहाही जणी ऊर फुटेस्तोवर रडल्या. पण डोळे सुकायच्या आत त्यांच्यात भांडण जुंपलं.

“पुढच्या घरट्यातून गावाकडचं आभाळ जास्त दिसतं. तिथे आता मी राहणार!”