देवीची शेजारती

आठवड्याची सुट्टी बंद केली, म्हणून सगळ्या नर्स तात्यासाहेबांपुढे उभ्या राहिल्या. हॉस्पिटल त्यांच्या ट्रस्टचं, गावदेवीचं देऊळही त्यांच्याच ट्रस्टचं.

तात्यासाहेबांनी हात जोडले. "सिस्टर, तुम्ही तर साक्षात देवी! देवीला कसली सुट्टी?"

त्यांच्यातल्या शेलार सिस्टर गालात हसल्या. "तात्यासाहेब, देवळात शेजारती कोण करतं?"

"मीच!" तात्यासाहेबांची छाती फुगली. "देवीला निजवून दार लावलं, की मग मंत्री आला तरी उघडत नाही."

"का बरं?"

"का म्हणजे? दिवसभर लोकांची गाऱ्हाणी ऐकून दमलेली असते ती. तिला विश्रांती नको?"

शेलार सिस्टर ताठ मानेनं म्हणाल्या, "हवीच की! मग या देव्यांची शेजारती कधी करताय?"