नखाची खूण

वर्षांना सनाचे आकडे द्यायची पद्धत अजून पडायची होती, इतक्या जुन्या काळी एका नदीच्या दोन काठांवर दोन राज्यं होती. नदीच्या मधोमध एक बेट होतं आणि त्यावर हिरवंगार कुरण. त्या कुरणापायी इतकी माणसं मेली की शेवटी दोन्हीकडचे राजे लढाईला कंटाळले. यापुढे कुरण कुणाचं ते दरवर्षी खेळावर ठरवायचं, असा त्यांनी करार केला.

खेळ असा होता. दगडी मेजावर लोकरीचं कापड ताणून बसवायचं, त्यावर दहा हस्तिदंती गोळे त्रिकोणात मांडायचे, आणि लांब काठीने अकरावा गोळा मारून तो त्रिकोण फोडायचा. पहिल्या फटक्यात ज्याचे गोळे लांबवर पांगले, त्याने निम्मा डाव तिथेच जिंकला म्हणायचं. हे गोळे दोन्ही काठांनी मिळून सांभाळलेल्या एका हत्तीच्या दातांचे होते. हत्ती कधीच गेला होता. आता एखादा गोळा फुटला तर करार मोडेल आणि तलवारी पुन्हा बाहेर येतील, अशी सगळ्यांना धास्ती होती.

म्हणून मेजाच्या कडेवर नियम कोरला होता. काठीच्या टोकाला बसवायची चकती चामड्याचीच असावी, आणि लहानथोर कुणीही तिच्यावर अंगठ्याचं नख दाबलं तर खूण उठावी. खूण उठली नाही, तर त्या वर्षीचं कुरण समोरच्यांचं, आणि चकती करणाऱ्याचा उजवा अंगठा जाणार. नियम करणाऱ्यांनी लढाया पाहिल्या होत्या, त्यामुळे त्यांना एक अंगठा फार मोठा वाटला नसावा.

अलीकडच्या काठाने दोन वर्षं कुरण गमावलं. तिसऱ्या वर्षी राजाने आपल्या कारागिराला बोलावलं. हा माणूस चामड्याच्या कामात नाव घेण्याजोगा होता आणि स्वभावाने सरळ होता.

"आपली चकती मऊ पडते. फटक्याचा जोर तीच खाऊन टाकते," राजा म्हणाला. "नियमात राहून जितकी कडक करता येईल तितकी कर. या वर्षी मला हरायचं नाही."

राजा ओरडला असता तर बरं झालं असतं. तो अगदी हळू बोलला, आणि बोलताना कारागिराच्या हाताकडे बघत राहिला.

कारागीर घरी निघाला. वाटेत बाजार लागायचा, आणि बाजाराच्या तोंडाशी आधीचा कारागीर बसायचा. त्याने चामड्याच्या थरांत शिंगाचा भुगा लपवला होता आणि तो पकडला गेला होता. आता तो पाण्याचा पेलाही दोन्ही हातांनी धरायचा. रोज त्याला रामराम करणारा आपला कारागीर त्या दिवशी मात्र आडवाटेने घरी गेला.

घरी येताच त्याने दाराला आतून कडी घातली. कुणी काम बघेल, पलीकडच्या काठाला सांगेल, कुणी मुद्दाम बिघडवेल, नाही नाही ते त्याच्या मनात येत होतं. कुणाला दाखवू नकोस असं राजाने सांगितलं नव्हतं बरं का. ती कडी भीतीने घातली होती.

म्हशीच्या पाठीचं कातडं त्याने हिरड्याच्या आणि बाभळीच्या सालीच्या पाण्यात मुरवलं. त्याचे पातळ थर काढले, सरस लावून एकावर एक बसवले, दगडाखाली दाबले, सावलीत वाळवले, लाकडी मोगरीने ठोकले. चामडं आणि सरस यांखेरीज काही म्हणजे काही त्यात घातलं नाही. आणि दर थोड्या वेळाने तो चकतीवर अंगठ्याचं नख दाबून बघायचा. खूण उठली की त्याचा श्वास मोकळा व्हायचा, पण घटकाभराने पुन्हा धाकधूक सुरू. दिवसातून शंभरदा तो नख दाबत असेल.

दोन महिने असे गेले. चकती कडक होत चालली. एकदा हातातून निसटून फरशीवर पडली तेव्हा हाड आपटल्यासारखी वाजली. घाईघाईने त्याने नख दाबलं. खूण उठली, अगदी पहिल्या दिवशीइतकीच स्पष्ट. तो मनाशी म्हणाला, याला म्हणतात हातचं कसब.

त्याची बायको रोज भाकरी घेऊन दाराशी यायची. एक दिवस कडी निघाल्याबरोबर ती आत आली आणि तिने चकती उचलली.

"बघू तरी, माझ्या नखाने कशी उठते ती."

त्याने ती तिच्या हातातून हिसकावून घेतली. "हात लावू नकोस. काही झालं तर माझा अंगठा जाईल, तुझा नाही."

बायको भाकरी ठेवून निघून गेली, आणि मागे पुन्हा कडी लागली.

खेळाचा दिवस उजाडला. बेटावर मांडव घातला होता. दोन्हीकडची माणसं दाटीवाटीने उभी होती. मेजाशेजारी लाकडाचा ठोकळा आणि त्यावर कुऱ्हाड ठेवलेली होती, ती दरवर्षीच असायची. कारागिराला मात्र त्या दिवशी तिच्याशिवाय दुसरं काही दिसेना.

नख लावायला पलीकडच्या काठाने एक लेकुरवाळी बाई पुढे केली. कडेवरचं मूल तिने शेजारणीकडे दिलं, पदराला हात पुसले आणि चकतीवर अंगठा दाबला. मग पुन्हा दाबला, जरा जोर लावून. तिचं नख वाकलं.

"नाही हो उठत," ती खाली बघत म्हणाली. तिलाच अपराध्यासारखं वाटत होतं.

मांडवात कुजबुज झाली. अलीकडचा राजा स्वतः उठला आणि त्याने नख दाबलं. नख मोडलं, चकतीवर रेघसुद्धा आली नाही.

"माझ्याने उठते, महाराज," कारागीर म्हणाला. त्याने अंगठा दाबला, आणि सगळ्यांच्या देखत खूण उठली.

दोन्ही काठांनी नेमलेल्या पंचांनी त्याचा हात धरून उजेडात नेला. अंगठ्याचं नख पिवळं, जाडजूड आणि टणक झालं होतं. दोन महिने चकती दाबून दाबून ते चकतीबरोबरच कडक होत गेलं होतं, आणि रोज आपल्याच हाताकडे बघणाऱ्या त्या माणसाच्या ते लक्षातही आलं नव्हतं. पंचांनी चकती मधोमध चिरून पाहिली. आत थरावर थर नुसतं चामडं होतं.

"याने चोरी केलेली नाही," पंच म्हणाले. "पण कुणाच्याही नखाची खूण उठावी असा नियम आहे, आणि इथे फक्त याच्या नखाची उठते."

कारागिराने राजाकडे पाहिलं. राजा नदीकडे बघत होता. गर्दीत बायको उभी होती, तिने डोळे मिटून घेतले. आपल्या अंगठ्याचा शेवट समोर दिसत असताना त्या बिचाऱ्याला एवढंच आठवलं, की तिने चकती उचलली होती आणि आपण ती हिसकावून घेतली होती.

कुरण गेलं आणि अंगठाही गेला.

जखम भरल्यावर तो पुन्हा कामाला बसला. मोगरी डाव्या हाताने धरायला शिकला. डाव्या अंगठ्याला नख होतं, पण ते त्याने चकतीला कधीच लावलं नाही. आता त्याच्या दाराला कडी नसे. रस्त्याने दूधवाली जावो, वाटसरू जावो की गुराखी पोर, तो त्यांना थांबवून म्हणायचा, "जरा नख लावून बघता का?" पहिलं नख मात्र रोज बायकोचं.

त्या चकत्या दाराआड केलेल्या चकतीपेक्षा किंचित मऊ होत्या आणि दोन्ही काठांवरच्या बाकी सगळ्या चकत्यांपेक्षा कडक. नियमाची कड नेमकी कुठे आहे हे शंभर नखांनी त्याला दाखवून दिलं होतं. पुढच्याच वर्षी पलीकडच्या काठाने तीच बाई नख लावायला पाठवली. खूण उठली, बारीक पण स्पष्ट. पहिल्याच फटक्यात दहाही गोळे मेजाच्या चारी कडांपर्यंत पांगले आणि एकालाही तडा गेला नाही. तो जिवंत होता तोवर त्याची एकही चकती बाद झाली नाही.

गोष्ट संपली. आता आपापल्या अंगठ्याकडे एकदा बघून घ्या, आणि एवढं लक्षात ठेवा: आपलं काम आपल्याच नखाने तपासू नये, आणि भीती वाटत असेल तेव्हा तर मुळीच नाही.