हौदाचा राखणदार

नळाचं पाणी गावाला नवलाईचं होतं, तेव्हाची गोष्ट. जलशुद्धीकरण केंद्रात एक मोठा उघडा हौद होता. रोज संध्याकाळी त्याचं पाणी बोटभर उतरलेलं असे, आणि गावाच्या टोकाचे नळ कोरडे राहत.

हौदाचा संशय काठावरच्या बेडकावर. "तूच पितोस."

"हौदराव, माझं पोट ते केवढं," बेडूक म्हणाला. "वर काहीतरी पांघरा. तळ्यातून कमळाची पानं आणून देतो."

चोरानंच शहाणपण शिकवावं, याचा हौदाला संताप आला. त्यानं बेडकाला हाकललं आणि सूर्याला साकडं घातलं, "देवा, आपल्याला वरून सगळं दिसतं. दिवसभर माझ्या पाण्यावर लक्ष ठेवाल का?"

"ठेवतो की," सूर्य म्हणाला, आणि त्या दिवसापासून त्यानं पाण्यावरची नजर हलवली नाही.

वैशाखात हौदाचा तळ दिसू लागला. गावात घागरींवरून भांडणं लागली. बेडकाला राहवेना. तो भाऊबंदांना घेऊन, कमळाची पानं ओढत काठावर आला.

"मागे हो," हौद खेकसला. "ती पानं पसरलीस, तर माझ्या राखणदाराला दिसायचं कसं?"

आणि तळाशी उरलेलं पाणी त्यानं मोठ्या विश्वासानं सूर्यापुढे उघडं ठेवलं.